नापसंतचं बटन

अंबाजोगाईत इंटरनेट नवंनवं आलं, तेव्हा सिद्धेश्वरअप्पांनी समाजातल्या लग्नाळू पोरापोरींसाठी वेबसाइट काढली. उद्घाटनाला गळ्यातला हार सावरत ते गरजले, "आता बापानं न्हाई, पोरीनं ठरवायचं! स्थळाखाली दोन बटनं हायत, पसंत अन् नापसंत."

टाळ्या विरायच्या आत त्यांनी आपल्याच लेकीला, ईश्वरीला, कॉम्प्युटरपुढं बसवलं आणि "तिला मोकळेपणानं ठरवू द्या" म्हणत सगळ्यांना बाहेर काढलं. पडद्यावर अप्पांच्या भागीदाराचा तो मिजासखोर पोरगा होता. ईश्वरीनं धाडकन 'नापसंत' दाबलं. 'आपल्या मताबद्दल आभारी आहोत,' अशी अक्षरं उमटली आणि तिला जन्मात पहिल्यांदा बापाचा अभिमान वाटला.

रविवारी भागीदार पेढे घेऊन दारात हजर! "पोरीचा होकार आला म्हणून आलो," म्हणाला.

ईश्वरी तणतणत वेबसाइट बनवणाऱ्या केदारनाथकडं गेली. "तुझं मशीन बिघडलंय का रे?"

"न्हाई ताई. कोणतंबी बटन दाबा, होकारच जातो. अप्पाच म्हणले, नापसंत नुसतं दिसायला ठेव, पोरींना तेवढंच बरं वाटतं."