वकिलाच्या सुनेची शेवटची सोळा पानं

“तुम्ही आधी चोर ठरवलं, मंग कागद धाडला. चौकशी कोन्त्या जन्मी करनार होते?”

जमनाबाईनं नोटीस टेबलावर आपटली. शाईची दौत हलली. वाचनालयाचे अध्यक्ष मात्र हलले नाहीत.

“आवाज खाली. हे वाचनालय आहे, तांडा नाही.”

“तांड्यात इतकं खोटं लिहून देत नाई कोनी.”

बाहेर ओट्यावर तिच्यासोबत आलेल्या चार बाया बसल्या होत्या. त्यातली एक फिसकन हसली.

नोटिशीत तीन वाक्यं होती. वकिलाच्या सुनेच्या कादंबरीतली शेवटची सोळा पानं जमनाबाई भावसिंग राठोड हिने फाडून नेली. तिचं सभासदत्व रद्द. यापुढे तांड्यावर एकही पुस्तक जाणार नाही.

पहिली दोन वाक्यं तिनं गिळली असती. चोर हा शब्द तिच्या जातीला जन्मापासून चिकटवलेला. तिच्या बापाला पोलीसपाटलाकडे हजेरी द्यावी लागे. पण तिसऱ्या वाक्यानं तिची झोप उडवली. सात कोस चालत ती आली होती त्या वाक्यासाठी.

बासष्ट सालची वेचणी चालू होती. जमनाबाई तिशी उलटल्यावर साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकली, आणि शिकली ती अशी की हातातलं पुस्तक सुटेना. बाया पऱ्हाटीच्या ओळीतून कापूस वेचत पुढं सरकायच्या, आणि ही मागून मोठ्यानं वाचत चालायची. तिच्या वाट्याचा कापूस बाकीच्या वेचून द्यायच्या. शेवट ऐकल्याशिवाय एकही बाई वावरातून हलत नसे. छापील नावं कोणाच्या लक्षात राहायची नाहीत. वकिलाच्या सुनेची, आंधळ्या सावकाराची, तीन सवतींची, कॉलेजातल्या त्या पोराची ज्याला दिवसभर काहीच काम नसतं, अशा सात कादंबऱ्या वर्षात झाल्या होत्या. होळीपर्यंतच्या पाच ठरल्या होत्या. त्यात एक खुनाची होती, कारण बायांना एकदा तरी जमादार चुकलेला पाहायचा होता.

ती यादी जमनाबाईच्या मुठीत होती. घामानं ओली.

“पानं पहिल्यापासूनच नव्हती,” ती म्हणाली. “फाडली असती तं चिंध्या राह्यल्या असत्या. पाहा ना.”

ग्रंथपाल नानाजींनी पुस्तक उघडलं. शिवण साफ होती. ते काही बोलणार, तोच सचिव पुंडलिकराव म्हणाले, “ब्लेडनं कापली असतील.”

“आमच्यात ब्लेड कोन वापरते, भाऊ? दाढीले पैसा नाई अन् पुस्तकाले ब्लेड?”

“गंमत पुरे.” अध्यक्षांनी पहिलं पान तिच्यासमोर धरलं. “हा शिक्का वाच. येतं ना वाचता?”

“वाचून मंजूर,” तिनं वाचलं.

“कादंबऱ्यांनी बायका बिघडतात. म्हणून मी आणि पुंडलिकराव प्रत्येक कादंबरी अथपासून इतिपर्यंत वाचतो, मगच ती कपाटात जाते. आमच्या वेळी पानं होती. तुझ्यानंतर नाहीत.”

“अन् ऐका,” पुंडलिकराव सरसावले. “हिच्या बाया माह्या वावरात वेचाले होत्या. माह्या बायकोले साऱ्या कादंबरीचा शेवट सांगतला त्याइनं. पानं नव्हती तं शेवट आला कुठून?”

नानाजींनी चष्मा काढून पुसला. त्यांना ही बाई आवडायची. आता तिच्याकडे पाहवेना.

“शेवट सांगितला होतास?” अध्यक्षांनी विचारलं.

“सांगतला.”

“मग इथंही सांग.”

जमनाबाई सांगू लागली, वावरात वाचते त्याच आवाजात.

“वकिलाची सून रात्रीची नाई, भरदिवसा घर सोडते. साऱ्या गल्लीसमोर. चालत चालत नदीवर येते. तिथं एक म्हातारी बैल धूत असते. फाटक्या कानाची. तरनी होती तवा जमादारानं कानातला दागिना ओढून घेतला, पाळीसकट. म्हातारी तिले जात इचारत नाई, नवरा इचारत नाई. भाकर देते. सून म्हनते, माह्या सासऱ्याले सारे कायदे पाठ, पन मी उपाशी हाओ हे त्याले कधी दिसलं नाई. मंग ते दोघी बैल घेऊन पलीकडं जाते.”

“बरोबर!” अध्यक्षांची मूठ टेबलावर आली. “शब्दन् शब्द. ती फाटक्या कानाची म्हातारी! मी स्वतः वाचलंय ते पान. डोळ्यांत पाणी आलं होतं.”

“माह्याबी,” पुंडलिकराव म्हणाले. “बैल घेऊन जाते तिथं तं लय.”

“लिहा नानाजी. सदर बाईने शेवट वाचल्याचे कबूल केले. अध्यक्ष व सचिव यांनी तो स्वतः वाचलेल्या मजकुराशी ताडून पाहिला. तंतोतंत जुळतो. सबब चोरी सिद्ध.”

नानाजींनी लिहिलं. अध्यक्षांनी सही केली, पुंडलिकरावांनी केली, शिक्का उठला. जिल्हा परिषदेचा तपासणीस आठवड्यात यायचा होता. कागद त्याच्या फायलीत जाणार होता.

“आता जा,” अध्यक्ष म्हणाले.

“सही झाली पक्की? खोडता नाई येत ना आता?”

“नाही येत.”

जमनाबाई दाराकडे वळली. “बिजली याडी, आत ये. पदर काढ डोक्यावरचा. साहेबाले पाहू दे.”

ओट्यावरची सर्वांत म्हातारी बाई गुडघ्यावर हात टेकत उठली, आत आली आणि तिनं पदर मागं सारला. डाव्या कानाची पाळ दोन भागांत लोंबत होती.

“पुस्तक पुन्याले छापलं, साहेब. शेवट म्या वावरात जोडला. अन् माही ही सासू उभ्या जन्मात ढाणकीच्या पुढं गेली नाई. आता सांगा, ही तुमाले कोन्त्या पानावर भेटली?”