पाणी देऊ नये

"आईचं ऑपरेशन आहे, सर. चार दिवसांची सुट्टी हवीय."

पीएचडीच्या गाइडनी काचघरातल्या रोपांवरून नजरही उचलली नाही. "सुट्टी? अगं, झाडाला ताण दिला की ते कणखर होतं. तुझाच विषय आहे ना हा?"

"माझाच," म्हणत तिनं दोन ट्रे त्यांच्यापुढे सरकवले. एकातली रोपं वीतभर, दुसऱ्यातली बोटभर. बोटभरवाल्यांवर तिच्याच अक्षरात चिठ्ठी होती : 'पाणी देऊ नये.' "पाणी तोडलं की झाडात एक संप्रेरक वाढतं. कायनेज नावाची प्रथिनं त्याचा हुकूम पेशीपेशीत पोचवतात. वाढ बंद, नुसता जीव धरून राहा."

"पण मेलं का एक तरी?"

"नाही. तीन वर्षांत मीही मेले नाहीये इथे."

आता कुठे सरांनी वर पाहिलं. तोवर तिनं चिठ्ठी टरकन फाडली होती आणि अख्खी झारी त्या बोटभर रोपांवर रिकामी करत होती.

"अगं, प्रयोग!"

"संपला. चार दिवसांत यांना नवी पानं फुटतील, सर. मी तेवढेच मागितले होते. आता किती लागतील, ते आईला विचारून कळवते."