दहावी लढत

लढतीच्या आदल्या दिवशी दोघा लढवय्यांची वजनं झाली आणि रिवाजाप्रमाणे दोघं फोटोसाठी नाकाला नाक भिडवून उभे राहिले. विगनच्या डीन ऑलर्टनच्या नावावर जाळीच्या पिंजऱ्यातल्या ठोसे-लाथा-कुस्तीच्या नऊ लढती आणि नऊ विजय होते. उद्याची दहावी जिंकली की थेट अमेरिकेचं बोलावणं. समोर लिथुआनियाहून आणलेला कुणीतरी रिमास होता. डीननं त्याचं नावसुद्धा नीट वाचलं नव्हतं.

"कुठनं धरून आणलं रे तुला?" डीन गुरगुरला. "उद्या तुझ्या आईलाही तुझं थोबाड ओळखू येणार नाही."

रिमासनं सवयीनं छाती फुगवली आणि हळूच म्हणाला, "तुला तरी कुठं येतंय, भावा? बोल्टनच्या लढतीत तुझ्यासमोर मीच होतो, प्रेस्टनच्याही मीच. नावं तेवढी वेगळी. उद्या मी कितव्या फेरीत पडायचं, ते तुझ्या मॅनेजरनं अजून सांगितलं नाही."