गडव्यावरचं नाव

तिसऱ्यांदा तेच! दिव्यानीनं कीबोर्डवर थाप मारली. "मेलं हे पॅकेज! मले पागल करून सोडीन!"

धानाच्या जुन्या वाणांवरचा तिचा प्रबंध सावली गावातल्या घरात, लॅपटॉपवर तयार होता. पाच वाजेपर्यंत तो विद्यापीठाला ऑनलाइन पाठवायचा होता. चुकलं की सहा महिने गेले. आणि अडलं कुठे, तर तळटिपेवर! प्रत्येक टिपेत वाणाची माहिती सांगणाऱ्या बाईचं नाव ठळक यावं, म्हणून तिनं अक्षरजुळणीच्या भाषेतली तळटिपेची आज्ञा नव्यानं लिहिली होती. पण दुवे जोडणारं ते पॅकेज, म्हणजे आयती जोड-आज्ञावली, अगदी शेवटी यायचं आणि तिचं लिहिलेलं पुसून आपलंच खरं करायचं. मग तिनं आपली आज्ञा त्याच्याही मागून टाकली. आगीतून फुफाट्यात! नवी आज्ञा टीप काढायला तळटिपेच्या आज्ञेलाच बोलवायची, म्हणजे स्वतःलाच. घाण्याच्या बैलासारखी गरगर फिरून फाइल बंद पडली. साडेचार झाले होते. दिव्यानीला रडू कोसळायचंच बाकी होतं.

तिची आई, चंदाबाई, गडव्यात, म्हणजे तांब्यात, पाणी घेऊन आली. "काऊन चिडून राह्यली वो?"

"नवं लिवलं की जुनं मरते, आई. अन् नव्याचं जुन्याबिगर चालत नाई."

"मंग जुनं आधी कुठी ठेवलं नाई?"

दिव्यानी थबकली. पॅकेजचं आधी आटोपू द्यायचं. मग तळटिपेच्या आज्ञेला दुसरं नाव देऊन ती जपून ठेवायची. त्यानंतरच नवी लिहायची आणि तिनं त्या जपलेल्या जुन्या आज्ञेला बोलवायचं. जेमतेम दोन ओळी! फाइल सरसर पुढे गेली. पहिल्याच टिपेत ठळक उमटलं, लुचई वाणाची माहिती सांगणारी: चंदाबाई.

"आई, तुले हे कसं सुचलं?"

चंदाबाईनं गडवा पुढे केला. काठाखाली 'कमळा' असं कोरलं होतं. हा गडवा कुण्या शेजारणीचा, परत द्यायचा राहून गेलेला, असंच दिव्यानी लहानपणापासून समजत आली होती.

"माहंच नाव हाय ते. लग्नाच्या मांडवात सासरचे ते बदलवनार, हे मले मालूम होतं. आदल्या दिवशीच कोरून घेतलं म्या."

इतकी वर्षं याच गडव्यातलं पाणी प्यायली होती दिव्यानी, आणि आईला एकदा विचारलंसुद्धा नव्हतं. तिनं लॅपटॉप पुढे ओढला. "मंग टिपेत कोन्तं छापू? चंदा का कमळा?"

"छापशीन तवा छापशीन," आई म्हणाली. "आधी एकदा कमळा म्हनून हाक त मार."