शहर सोडण्याचा दाखला

"शहर सोडायचं तर आधी अकरा लाख भरा, काका," पालिकेच्या खिडकीतल्या पेडणेकर बाई म्हणाल्या.

विश्राम केळुसकर चक्रावले. "कसले अकरा लाख?"

"नव्या कॅसिनोत पाच वर्षांत तुम्ही एवढे हरणार, असं यंत्राने काढलंय. त्यातूनच पूल होणार, दवाखाना होणार. तुम्ही निघून गेलात तर ते पैसे आणायचे कुठून?"

"अहो, मी जन्मात पत्त्यांना हात लावला नाही!"

"कॅसिनो तरी कुठे बांधलाय अजून?"

घड्याळं दुरुस्त करून विश्रामांनी चार लाख साठवले होते. त्यांना लेकीकडे कायमचं राहायला जायचं होतं.

"उरलेले सात मी कुठून आणू, बाई?"

बाईंनी हळूच कॅसिनोचं पत्रक पुढे सरकवलं. उद्घाटनाच्या दिवशी पहिला डाव फुकट होता.

विश्रामांनी ते नीट घडी घालून खिशात ठेवलं.