तासाला साठ

"गणपती तोंडावर आलेत. उद्यापासून प्रत्येकीचे तासाला साठ मोदक झाले पाहिजेत!" नव्या मॅनेजरनं फळ्यावरचे चाळीस पुसून साठ लिहिले.

शालनताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीस वर्षं त्या इथं मोदक वळत होत्या. त्यांनी उकडीचा गोळा थेट साहेबांच्या हातावर ठेवला. "आधी एक वळून दाखवा."

साहेबांनी बाह्या सरसावल्या. पारी फाटली, कळ्या मोडल्या, सारण बाहेर आलं. पंधरा मिनिटांनी झालेला तो एक मोदक बघून बायका तोंडाला पदर लावून हसल्या. साहेब हात पुसत निघून गेले. आपली नोकरी गेलीच, असं शालनताईंना वाटलं.

सकाळी त्या धास्तावतच आल्या. फळ्यावर पुन्हा चाळीस होते. खाली लिहिलं होतं, "मॅनेजर: तासाला चार. तेही फुटके."