नवसाचा मलिदा

सकाळपासून दोन नारळ मीच खवले. बेने इस्राएल, म्हणजे ज्यू, असं सांगलीत आमचं एकच घर, तरी नवस फेडायला एलियाहू हनबी या आमच्या प्रेषिताच्या नावानं मलिदा होतोच: भिजवलेले पोहे, साखर, खोबरं, भोवती फळं. बडोद्याच्या शिल्पकलेच्या प्रवेश यादीत माझं नाव न लागून जेमतेम आठवडा झाला होता, म्हणून वेलची कुटता कुटता मी आईला विचारलं, नवस कसला? ताटावरची नजर न काढता ती म्हणाली, "तुझं नाव लागू नये म्हणून बोलले होते. माणसांचे पुतळे घडवणं आपल्यात बसत नाही, याएल. आता ठाण्याच्या मुलाला हो म्हण." मी बत्ता आपटला आणि साताऱ्याला जयराजला फोन लावून आईचा नवस सांगितला, कारण त्याच्यासाठीच दोन वर्षं मी ठाण्याला नाही म्हणत होते. "लय बरं झालं बघ," तो म्हणाला, "मी बी म्हसोबाला नारळ बोललो हुतो. आमच्या आबांना सुनेनं माती चिवडलेली चालायची न्हाई." जन्मात एकमेकांचं तोंड न पाहिलेल्या या दोघांनी माझ्याविरुद्ध देव वाटून घेतले होते. फोन कापला, तर समोर बडोद्याची मेल: एक जागा रिकामी झाली आहे, येणार का, आजच कळवा. येते, असं लिहून मी ताट आईच्या पुढ्यातून माझ्याकडे ओढलं. "अगं, अजून प्रार्थना व्हायचीय." "म्हण की. फक्त नवस माझा आहे असं सांग. मी पण बोलले होते, आणि एलियाहू मला पावलाय."